चुकलेला हिरवा चौकोन

बाहेर पाऊस पडतोय का, हे बघायला माणूस खिडकी उघडतो. डॉ. लोखंडे लॅपटॉप उघडतात. तोवर त्यांचे वाळत घातलेले शर्ट चिंब झालेले असतात. मी खालच्या बाल्कनीतून ओरडलो, की वरून त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "जमिनीवरून काय दिसते हो?"

पंजाबातल्या खरड गावी आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, माझं आणि त्यांचं. मी आयटी पार्कात मान मोडून काम करतो आणि हे वाशिमचे शास्त्रज्ञ आभाळातून झाडं बघतात. पाऊस, ऊन, माती यांचे आकडे मॉडेलला द्यायचे. कुठे किती हिरवळ असायला हवी, ते मॉडेल सांगतं. मग सॅटेलाइटचं चित्र शेजारी ठेवून कोण चुकलं ते शोधायचं. याला पगार मिळतो! लग्न राहून गेलं, तेही बहुधा मुली दुरूनच बघितल्यामुळे.

एकदा त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर हाहाकार उडवला. 'लॉन मेले आहे. जिवंत पानाचा पत्ता नाही.' अध्यक्ष भल्लाजी धावत वर गेले.

"डॉक्टर साब, प्लास्टिक का है जी!"

लाजतील तर शपथ. सॅटेलाइट कसं फसलं नाही, हे लोखंडे आठवडाभर सगळ्यांना गाठून सांगत होते. त्याच लॉनवरून ते रोज ये-जा करायचे.

गेल्या मे महिन्यात मी विरजण मागायला गेलो, तर त्यांच्या पडद्यावर मॉडेलचं चित्र सगळं तपकिरी आणि शेजारी सॅटेलाइटच्या चित्रात मधोमध एकच हिरवा चौकोन. मला आनंदच झाला.

"सर, मॉडेल म्हणतं इथे काहीच उगवणार नाही. चुकलं की तुमचं!"

"दरसाल चुकते."

"मग दुरुस्त करा."

"काहून करू? माय राहते तिथं. शेतातल्या घरी, एकटीच. हातपंपाचं पाणी बादलीनं घालते वांग्या-दोडक्याले. तिले ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही. हिरवं दिसलं का समजतो, उठली, हिंडली."

मी विरजण न घेताच खाली आलो.

यंदा मे महिन्यात त्यांनीच माझं दार वाजवलं. "मॉडेल जुळलं," म्हणाले. मी अभिनंदनासाठी हात पुढे केला आणि मग त्यांच्या खांद्यावरची बॅग दिसली. चौकोन तपकिरी पडला होता. मला माझ्या लॅपटॉपवर ते चित्र उघडायला शिकवून ते तसेच स्टेशनकडे निघाले.

काही दिवसांनी मी सोसायटीच्या बाकावर बसलो असताना त्यांचा फोन आला.

"पाय मुरगळला मायचा. खाटेवरून शिव्या देते मला. पाणी मीच घालतो आता." मग आवाज खाली आला. "तिकडून पाहा ना जरा. हिरवं दिसते का?"

वाफ्यात उभा राहून हा माणूस मला विचारत होता! मला हसू आलं. लॅपटॉप घरात होता. समोर होतं ते प्लास्टिकचं लॉन.

"हिरवंगार दिसतंय, सर," मी म्हणालो.