जाऊन ये

"पाट्या कोणी वाचतं का हो?" मॅनेजरसाहेबांनी सेफ्टी ऑफिसरला विचारलं. "भिंती रंगवायच्यात. शनिवारपर्यंत एक तरी वाचणारा माणूस दाखवा, नाहीतर पाट्या काढतो आणि तुम्हाला गोदामात पाठवतो."

पाट्यांवर सेफ्टी ऑफिसरचा भारी जीव. दर सोमवारी तो त्या स्वतः पुसायचा आणि त्याच्या डोळ्यांदेखत लोक 'हेल्मेट घालावे' या पाटीच्या खिळ्यालाच हेल्मेट अडकवून आत जायचे.

त्यानं कन्व्हेयरच्या पट्ट्याजवळची सगळ्यात पुसट पाटी पेंटरकडून नव्यानं लिहून घेतली आणि सकाळी घाईघाईनं टांगली. जेवणाच्या सुट्टीत फिटर कपडे झटकत आला.

"साहेब, जाऊन आलो."

"कुठे?"

"पट्ट्याखालून. काही विशेष नाही तिथे. धूळ आहे."

"अरे, तिथून जायचं नसतं! पाटी नाही वाचलीस?"

"वाचली म्हणून तर गेलो!"

सेफ्टी ऑफिसर धावत सुटला. नशीब, सुट्टीमुळे पट्टा बंद होता. पाटीवर लालभडक अक्षरांत लिहिलं होतं, 'पट्ट्याखालून जाऊन ये'. पेंटरनं एकही अक्षर चुकवलं नव्हतं. फक्त 'नये'मधला 'न' जरा अलीकडे सरकला होता. पाटी टांगताना सेफ्टी ऑफिसरनं ती वाचली नव्हती.

पट्टा चालू असता तर? तो टर्पेंटाइनचं फडकं घेऊन स्टुलावर चढला, तोच फोरमन आला.

"साहेब, हे बरं नाही. माझे केस पांढरे झाले इथे. 'जाऊन ये'? निदान 'जाऊन या' तरी लिहायचं!"

"अहो, ती चूक आहे."

"तेच म्हणतोय मी!"

मागून युनियनचे पुढारी आले. "जाऊन येऊ. पण जास्तीचं काम आहे, ओव्हरटाइम लागेल." पॅकिंगमधल्या मावशींना तर आपण एकदाच जायचं की रोज, एवढंच कळून घ्यायचं होतं.

सेफ्टी ऑफिसरनं घाम पुसत 'न ये' तेवढं घासून काढलं. इतक्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मॅनेजरसाहेब आले. ऑफिसात जायची त्यांची जवळची वाट पट्ट्याखालूनच होती. सवयीनं ते वाकले.

"साहेब, थांबा!" सगळे एकदम ओरडले.

"का?"

"पाटी वाचा!" फोरमन म्हणाला.

साहेबांनी वाकल्या वाकल्या वर पाहिलं. "'पट्ट्याखालून जाऊ'. मग जातोच आहे की!"

सेफ्टी ऑफिसरनं स्टुलावरून उडी मारून त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. पुढच्याच क्षणी पट्टा खडखडत सुरू झाला. साहेबांनी शर्ट सारखा केला.

"ही पाटी कोणी कोणी वाचली होती?" त्यांनी विचारलं.

एकूण एक हात वर गेला.

"पाट्या राहू द्या," साहेब म्हणाले आणि लांबच्या वाटेनं ऑफिसात गेले.

पाटी दुरुस्त झाली आणि तिच्याकडे पुन्हा कोणी ढुंकूनही पाहीना. सेफ्टी ऑफिसरला राहवेना. तो हेल्मेटची पाटी घेऊन पेंटरकडे गेला.

"ही नव्यानं लिही. आणि एक चूक ठेव. ऱ्हस्वदीर्घाची हं, अर्थ हलता कामा नये."

दुसऱ्या दिवशी पाटीसमोर ही गर्दी! अर्ध्या तासानं फोरमन विजयी चेहऱ्यानं आला.

"साहेब, तीन चुका सापडल्या!"

"तीन?"

पाटी सेफ्टी ऑफिसरनं सकाळी स्वतःच टांगली होती. आता तो ती वाचायला धावला.