चौतीस सायकलींची आंघोळ

गाडी या वस्तूतलं मला जेवढं कळतं, तेवढं पिंपरी ते चाकण या टापूत कुणालाही कळत नाही! हे मी एकोणीसशे छप्पन साली सगळ्यांना सांगत होतो आणि लोक ऐकूनही घेत होते. देहूरोडला आमच्या ओळखीच्या मारुतरावांनी लष्कराचा मोडीत निघालेला ट्रक घेतला होता, त्यावर मी चालवायला शिकलो. पुण्याला जाऊन रीतसर लायसन काढलं. मुंबई रस्त्यावरून मोटार गेली, की तिच्याकडे पाठ करून नुसत्या आवाजावरून तिची बनावट सांगायचो. अडचण एकच होती. माझ्याकडे मोटार नव्हती. सायकल होती.

पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तिथे त्या वर्षी नवाकोरा ट्रक आला आणि ड्रायव्हरची जागा निघाली. ती जागा मला हवी होती. किती हवी होती म्हणून सांगू! पाटावर जेवायला बसलो, तरी डावा पाय क्लच दाबायला जायचा आणि समोरचं ताट सरकायचं.

"अवो, आधी ट्रक मिळू द्या, मग ताटं उडवा!" आमच्या रतनबाई म्हणायच्या. पण चाकणला माहेरी त्यांनी 'आमचे हे ड्रायव्हर' असं आधीच सांगून ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

दसऱ्याला दोन दिवस उरले असताना मॅनेजर उद्धवराव साहेबांनी मला बोलावलं.

"ज्योतीराम, उद्या खंडेनवमी. यंत्रांची आणि ट्रकची पूजा आहे. कामगारांच्या सायकलीही पूजेला लावायच्या. आज तुला दुसरं काम नाही. सायकली धुऊन-पुसून रांगेत उभ्या कर. तुझा हात बघतो, मग ट्रकचं ठरवू."

दुसरा कुणी असता, तर त्याने चौतीस सायकलींवर पाणी मारलं असतं आणि बिडी ओढत बसला असता. पण मी होतो ना! मी बाह्या सरसावल्या, रॉकेलचा डबा घेतला, पाने घेतले आणि कामाला लागलो.

काय एकेक सायकल होती! गेनबाच्या सायकलीला ब्रेक म्हणून नव्हताच. सावळारामची सायकल उजवीकडे ओढायची, त्यामुळे तो कायम डावीकडे कलून बसायचा. कुणाच्या हँडलला लाल चिंधी, कुणाच्या दांड्याला काळा दोरा, कुणाच्या सीटवर गोणपाटाचा तुकडा. हे सगळं गबाळ मी सोडवून एका पोत्यात भरलं. मग सोयीसाठी सगळ्या सीटा काढून एका ढिगात ठेवल्या, घंट्या दुसऱ्या ढिगात, कॅरिअर तिसऱ्या. मोठ्या कारखान्यात काम असंच चालतं, असं मी ऐकून होतो.

ब्रेक बसवले. वाकडं ते सरळ केलं. सैल ते आवळलं. फाटकाला लावून उरलेला काळा रंग होता, त्याचा एकेक हात प्रत्येक सायकलीवर दिला. जेवायलासुद्धा उठलो नाही. उन्हात रंग खडखडीत वाळला, आणि जी सीट हाताला येईल ती, जी घंटी सापडेल ती बसवून टाकली. पाच वाजता चौतीस सायकली लग्नातल्या वऱ्हाडासारख्या नटून उभ्या होत्या! मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

भोंगा झाला. मंडळी बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"आयला! ज्योतीराम, राव, काय काम केलंस!" गेनबा म्हणाला.

"मग!" मी म्हणालो.

"झ्याक! आता माझी कंची ती दे."

मी रांगेकडे पाहिलं. रांगेने माझ्याकडे पाहिलं. चौतीसच्या चौतीस एकसारख्या!

"ही बघ," मी ठोकून दिलं आणि तिसरी सायकल त्याच्या हातात दिली.

गेनबाने टांग मारली, फाटकापर्यंत गेला आणि सवयीने एक पाय जमिनीवर घासला. पण त्याच वेळी हाताने ब्रेक दाबला गेला! सायकल जागीच थांबली, गेनबा तेवढा पुढे गेला.

"ही माझी न्हाई!" तो धुळीतून ओरडला. "माझी थांबत न्हाई!"

तोवर सावळारामनेही एक घेतली होती. तो नेहमीसारखा डावीकडे कलला, आणि मी सरळ केलेली सायकल त्याला घेऊन इमानदारीत डावीकडच्या चरात उतरली.

"आरं, दुरुस्त केलीया मी!" मी म्हणालो.

"कुनी सांगितलं व्हतं?" चरातून आवाज आला.

मग जो गोंधळ सुरू झाला तो विचारू नका! एकजण म्हणाला, "शीट माझी हाय, पन खालची सायकल कुनाची?" दुसरा म्हणाला, "सायकल माझी वाटतीया, पन शीट हिची न्हाई." तिसऱ्याने दोघांना बाजूला सारून सांगितलं, की कॅरिअर त्याचं आहे आणि तो ते घेतल्याशिवाय जाणार नाही. एका सायकलीला तीन मालक आणि अकरा सायकलींना एकही नाही!

"थांबा!" मी ओरडलो. "चिंध्या हायेत माझ्याकडं!"

पोतं आणून ओतलं. वाटलं, ज्याने त्याने आपली चिंधी ओळखली की प्रश्न मिटेल. चिंध्या ओळखल्या, पण त्या बांधायच्या कशाला? सावळारामने आपली लाल चिंधी सरळ सगळ्यांत नव्या टायरच्या सायकलीला बांधली. ते पाहून आणखी चौघांनी तिलाच चिंध्या बांधल्या. मघाशी तरी निदान ती सायकल दिसत होती.

आता माझी अब्रू पणाला लागली होती. मी म्हणालो, "चाकं फिरवा. मी आवाजावरनं सांगतो!" आणि पाठ करून उभा राहिलो.

पहिलं चाक फिरलं. सर्रर्र. दुसरं फिरलं. सर्रर्र. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी सर्रर्र! स्वतःच्या हाताने तेल घातलं होतं ना मी! एकही करकरेल तर शपथ!

"सांग की!" गेनबा म्हणाला.

"सांगतो, सांगतो," मी म्हणालो. "अजून एकदा फिरवा."

एवढ्यात उद्धवराव साहेब बाहेर आले. सगळे एकदम बोलायला लागले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, रांगेवरून एक फेरी मारली आणि माझ्यापाशी थांबले.

"ज्योतीराम, यातली तुझी कोणती?"

मी छातीठोकपणे गेलो आणि एका सायकलीवर हात ठेवला.

"आरं, ती मघाशी माझी म्हनून दिलीस की!" गेनबा कोपर चोळत म्हणाला.

मी दुसरीवर हात ठेवला. तिला पाच चिंध्या होत्या. मी हात काढून घेतला.

"असं करा," साहेब म्हणाले. "आज हाताला येईल ती घेऊन घरी जा. उद्या पूजेला घेऊन या. परवा दसरा आहेच. सोनं वाटतो तशा सायकली एकमेकांना वाटून टाका."

लोक कुरकुरत निघाले. मी मागे रेंगाळलो. काम तर चांगलंच झालं होतं, हे साहेबही नाकारणार नव्हते. शेवटी धीर करून विचारलं, "साहेब, ट्रकचं?"

"हात चांगला आहे तुझा, ज्योतीराम," साहेब म्हणाले. "पण तुला ट्रक देऊन पुण्याला पाठवला, तर येताना तू दुसराच कुणाचा तरी ट्रक घेऊन येशील! आणि तो चकचकीत असेल, म्हणून आम्हालाही कळणार नाही."

फार वाईट वाटलं. उरलेली एक सायकल घेतली आणि रहाटणीची वाट धरली. चालायला मात्र लोण्यासारखी होती.

रतनबाई दारातच उभ्या होत्या. माझं तोंड बघून त्यांनी ट्रकचं विचारलंच नाही. सायकलीकडे बघून म्हणाल्या, "अवो, ही कुनाची?"

"आपलीच," मी म्हणालो. "दसऱ्यापर्यंत तरी."