तात्यांच्या अंगणातली कुसळी

आमच्या कॉलनीत सगळे दारात गुलाब लावत, तात्यांनी कुसळी लावली होती. डोंगरावर आपोआप उगवणारं हे गवत त्यांनी चांदवडहून पोत्यात घालून एसटीनं आणलेलं. पाऊस सरला की ते तांबूस होई आणि त्याची टोकदार कुसळं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांत घुसत.

"लोक हे जाळतात, आणि तुम्ही नळाचं पाणी घालता?" शेजारच्या देशपांडेबाई विचारत.

"गुलाब टोचतो अन् तिथंच राहतो," तात्या म्हणत. "हे बिचारं सोबत येतं."

आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्यामुळं ते कुसळ माझ्यासोबत कॉलेजपर्यंत यायचं. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तासाला टोचायचं, पण उठून सांगणार कुणाला?

शेवटी देशपांडेबाईंनी कॉलनीची बैठक बोलावली. रविवारी गवत कापायचं ठरलं. कुणापुढं कधी हात न जोडणारे तात्या हात जोडून म्हणाले, "संक्रांतीपर्यंत ऱ्हाऊ द्या. कुसळं हायत अजून." लोक हसले.

शनिवारी संध्याकाळी आईनं मावशींसाठी, म्हणजे तात्यांच्या बायकोसाठी, मऊ भात दिला. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती, एकच हात थोडा हलायचा. मी दारात पोचले तर तात्या वाट सोडून मुद्दाम गवतातून फिरत होते. मग आत येऊन त्यांनी पाय पलंगावर ठेवला. मावशींनी चाचपडत पायजम्यातलं एक कुसळ धरलं, ओढलं, वाटीत टाकलं.

"डॉक्टरनं बोटांसाठी रबरी चेंडू दिलेला, तो हिनं फेकला," तात्या म्हणाले. "हे मात्र करते. हिच्या माहेरी, चांदवडला, गवत कापून आल्या की बाया एकमेकींची अशीच काढायच्या. पण आता दोन-चारातच दमते."

"मग बैठकीत का नाही सांगितलं?"

"बायकोचं दुखणं काय बैठकीत सांगायचं, पोरी?"

मला मोठ्यांपुढं नीट बोलता येत नाही, तरी देशपांडेबाईंना जाऊन सांगितलं.

रविवारी विळा घेऊन कुणी आलं नाही. देशपांडेबाईच आल्या, ठेवणीतलं पातळ नेसून, सरळ गवतातून. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी कुसळं अडकलेला पदर मावशींच्या हाताखाली सरकवला.

"अगं, पाहुणी आलीय," तात्या म्हणाले. "तुझ्या डोंगरातून आलीय बघ."

मावशी बघत होत्या. बोटं हलली नाहीत.

"असू दे," देशपांडेबाई म्हणाल्या, "मला घाई नाही." दिवेलागणीपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.