आधी गाव विचारा

बंडूभाऊ माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी गाव विचारतात. वऱ्हाडात यात नवल काही नाही. आमच्याकडे बसमध्ये शेजारी टेकलेला माणूससुद्धा तिकीट काढायच्या आधी तुमचं गाव काढून घेतो. पण बंडूभाऊ हाच प्रश्न संगणकावरच्या अक्षरांना विचारतात. तोही मोठ्याने.

अमरावतीत आमचं लहानसं ऑफिस आहे. आम्ही वेबसाइटी बांधतो, आणि बांधण्यापेक्षा जास्त वेळ त्या दुरुस्त करतो. मराठीच्या जागी टोप्या घातलेले इंग्रजी ए आणि मधूनमधून चाकांसारख्या खुणा उमटल्या, की भाऊंना हाक जाते. ते खुर्ची ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पडद्याला म्हणतात, "कोन्या गावचे बाप्पा तुमी?"

"अक्षर बिघडत नसते," हा त्यांचा सिद्धांत. "एका मशीननं त्याले एका गावचं म्हणून धाडलं, दुसऱ्यानं दुसऱ्याच गावचं समजून घरात घेतलं. पाव्हणा तोच हाये, ओयख चुकली." मग ते त्याचं मूळ गाव शोधतात, दोन ओळी बदलतात, आणि पाव्हणा पुन्हा माणसात येतो.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर मात्र भाऊंचा चष्मा खाली येतो. "हे गेलं. नव्या घरानं ओयखलंच नाई, फेकून देलं. आता ज्याचं त्यालेच इचारा."

हा फरक मी प्रात्यक्षिकासह शिकलो. अकोल्याच्या एका मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा रविवारी होता. शुक्रवारी सकाळी मी त्यांची वेबसाइट मोठ्या उत्साहाने नव्या सर्व्हरवर हलवली. माझा स्वभाव टापटिपीचा, म्हणून जुना सर्व्हर लगेच पुसूनही टाकला. मग पडदा पाहिला. वधूचं नाव: ????. शिक्षण: ????. अपेक्षा: ????. तेवढी शेवटची ओळ खरी वाटत होती.

पहिला फोन मोर्शीहून, एका वधूपित्याचा. "माह्या पोरीचं नाव प्रश्नचिन्ह हाये काय जी? परवा लोकं पाहाले येऊन राह्यले, अन् तिचं नाव नाई, शिक्षण नाई! एम.एस्सी. हाये ना पोरगी!"

"काका, जरा तांत्रिक अडचण आहे."

"अडचण तुमची, पोरगी माही," म्हणून त्यांनी फोन आपटला.

मी भाऊंकडे गेलो. त्यांनी चष्मा खाली घेतला. "जुन्यावर असन ना?"

"पुसला."

"तुह्यासारखा झाडूवाला मी पायला नाई बे!"

फोन नंबर तेवढे शाबूत होते. आकडे इंग्रजीत भरलेले, त्यांना कोणत्याही गावात ओळखतात. भाऊंनी एकेक नंबर फिरवायला घेतला. "अमरावतीहून बोलून राह्यलो. गाव कोणतं?" मग संत्र्याचा बहार, मावशींचा गुडघा, गावातला रस्ता, आणि सगळ्यात शेवटी मुलीचं नाव. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, की ते मला माशीसारखं हाकलत.

स्वतः भाऊ पन्नाशी ओलांडलेले, एकटे. लग्न काहून नाही केलं, असं मी एकदा विचारलं होतं. "मी गाव इचारत होतो, लोकं पगार इचारत होते," म्हणाले आणि हसले.

दुपारी मोर्शीचा फोन पुन्हा वाजला. मी तो कानापासून वीतभर लांब धरला. "आलं जी! नाव आलं, एम.एस्सी. आलं, समद्याइचंच आलं!"

मी वेबसाइट उघडली. खरंच, सगळ्यांचं सगळं जागच्या जागी. पण भाऊ तर जेवून येऊन पुन्हा फोनवरच होते, आणि अर्धे नंबर लावायचे बाकी होते.

"भाऊ, नावं तर सगळी आली!"

त्यांनी फोनवर तळवा ठेवला. "जेवाले घरी गेल्तो तवाच आणली. रोजची एक नक्कल असते माह्यापाशी. तुह्या भरोशावर राहू काय?"

"मंग हे फोन काहून?"

"हळू बोल बे." आणि तळवा काढून, एकदम मऊ आवाजात, "हां मावशी, मंग? नातू काय म्हणते?"

मी गुपचूप जागेवर येऊन बसलो. भाऊंनी माझं गाव पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. त्यांचं गाव कोणतं, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मेळावा पार पडला. सोमवारी मी माझ्या टेबलावरूनच भाऊंना फोन लावला. पलीकडे त्यांनी नंबर न बघताच उचलला.

"बोला जी."

"बंडूभाऊ काय? तुमचं नाव प्रश्नचिन्ह दिसून राह्यलं. गाव कोणतं?"

ते पडद्यावरून डोकावले. मला पाहिलं. आता शिवी येणार म्हणून मी फोन वीतभर लांब धरला. पण त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खुर्ची सावकाश भिंतीकडे फिरवली.

"कौंडण्यपूर," फोनमधून आवाज आला. "नदीच्या अंगानं गेलं की तिसरं घर. वेळ हाये ना तुले?"