डाव्या बाजूची तिसरी खिडकी

आष्ट्यात आमच्या शेजारी राहणारे बापू हंपी, विजापूर, बदामी, श्रवणबेळगोळ असं सगळं फिरून आले आहेत आणि यातलं काहीही त्यांनी पाहिलेलं नाही. कारण बापू गाडीतून उतरतच नाहीत.

म्हणजे चहाला उतरतात, लघवीला उतरतात, ड्रायव्हरबरोबर टायरला लाथ मारून हवा बघायला उतरतात. पण गाईड ‘चला, आता देऊळ पाहू या’ म्हणाला, की बापू डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीला खांदा टेकवतात, पाय पुढच्या सीटखाली सारतात आणि म्हणतात, ‘जावा तुमी. म्या हाय हितं.’

मग सगळ्यांच्या पिशव्या, जादाच्या चपला, स्वेटर आणि एखादं झोपलेलं पोर त्यांच्या हवाली करून आम्ही जातो. गल्लीची सहल असली की ही सोय फार बरी पडते, म्हणून कुणी त्यांना कधी फारसं छेडलं नाही. जागा मात्र तीच लागते. सहलीचं गाव ठरायच्या आधी बापूंची खिडकी ठरलेली असते. एकदा एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याने ती जागा पटकावली, तर बापू मिरजेपर्यंत उभे राहिले, पण दुसरीकडे बसले नाहीत. शेवटी त्या पोरीलाच ओशाळल्यासारखं झालं आणि ती उठली.

ऐतिहासिक स्थळांच्या पार्किंगबद्दल बोलायचं तर बापूंचा हात धरणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही. कुणीही सहलीला निघालं की आधी बापूंना विचारून जातं. बापू कट्ट्यावर बसून सांगतात, ‘बदामीला उजव्या हाताला लावा गाडी. चिंच हाय, सावली लय गार. डाव्या हाताला लावू नगासा, माकडं हायत. वायपर काढून न्हेत्यात.’ हंपीचा विषय निघाला की म्हणतात, ‘जागा ऐसपैस हाय, खरं पान्याची टाकी लांब हाय. राजानं तेवढं बगायला पायजे हुतं.’ गोलघुमटाला त्यांच्याकडून सगळ्यात जास्त मान आहे, कारण तिथे गेटाबाहेर मिळणारी मिरची भजी.

एवढंच असतं तर बापूंना आळशी म्हणून सोडून दिलं असतं. पण आम्ही बघून परत आलो की त्यांची खरी सहल सुरू होते. गाडीच्या पायरीवर पहिला पाय पडताच प्रश्न येतो, ‘काय बगितलं? सांगा.’

‘चांगलं आहे, बापू.’

‘चांगलं म्हंजे कसं? नीट सांगा.’

‘खांब आहेत. त्यांच्यावर हत्ती कोरलेत.’

‘सोंड वर हाय का खाली?’

आता दमून-भागून, घामाने निथळत आलेल्या माणसाला हत्तीची सोंड कशाला आठवते? पण बापू सोडत नाहीत. हळेबीडला आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड हेडमास्तर चिडून पुन्हा उन्हातून देवळात गेले आणि सोंड बघून आले. तेव्हापासून सहलीत सगळे बापूंच्या धाकाने नीट बघतात. मी स्वतः बापूंमुळे कितीतरी गोष्टी पाहिल्या आहेत. ‘स्वतः उतरायला काय होतं यांना?’ असं मनात म्हणतच पाहिल्या आहेत, हेही खरं.

बापू घरी एकटेच असतात. मुलगा फौजेत आहे, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर असतात. सुमनकाकू, म्हणजे बापूंच्या पत्नी, जाऊन काही वर्षं झाली; त्या असतानाच्या सहलींना मी कधी गेले नव्हते. एकट्या माणसाला सहलीत चार माणसांची सोबत मिळते, म्हणून येत असतील, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

यंदा दिवाळीनंतर आमच्या गल्लीने कोचीन काढलं. मिरजेतून रेल्वे, तिथे मुक्काम आणि सकाळी तिथल्याच गाडीतून, गाईडसकट अर्ध्या दिवसाची शहर सहल. त्यात राजवाडा, जुनं चर्च आणि शेवटी समुद्र. या वेळी माझ्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी सत्तरी ओलांडली, कृष्णेचे पूर पाहिले, पण समुद्र काही पाहिला नव्हता. जायच्या आधी महिनाभर त्या येईल-जाईल त्याला सांगत होत्या, ‘राजवाड्याचं मला काय बी न्हाई. मला समुद्र बगायचा हाय.’ त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी जरा कां-कूं केलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

कोचीनचा गाईड म्हणजे मोठा टापटिपीचा माणूस. पांढराशुभ्र शर्ट, हातात मिटलेली छत्री. ती छत्री उंच धरायची आणि आम्ही तिच्या मागून चालायचं. हिंदी त्याच्या पद्धतीचं, पण बोलणं गोड. गाडी पुलावर आली आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसलं, तशा आत्या उठून उभ्या राहिल्या.

‘ह्योच का गं?’

‘नाही आत्या, ही खाडी.’

‘मग समुद्र कवा?’

‘समुद्र लास्ट में, अम्मा,’ गाईड छत्री हलवून म्हणाला. ‘सबसे अच्छा चीज लास्ट में.’

राजवाड्यापाशी गाडी थांबली. बापू म्हणाले, ‘जावा तुमी. म्या हाय हितं.’ गाईडला वाटलं, यांना समजलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. बापूंनी पुन्हा तेच सांगितलं. गाईडचा चेहरा उतरला. ‘अंकल, मेरा टूर में सब लोग उतरता है,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच दुखावल्याची कळ होती. त्या क्षणापासून बापूंना उतरवणं हा त्याच्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

मी आत्यांना म्हटलं, ‘वर जिना आहे. तुम्ही बापूंबरोबर बसा, समुद्राला ताज्या राहाल.’

‘मी काय बापू हाय व्हय बसून ऱ्हायाला?’ असं म्हणून आत्या पदर खोचून जिना चढल्या. भिंतींवरची जुनी चित्रं पाहिली, पालख्या पाहिल्या, प्रत्येक पालखीजवळ उभं राहून ‘आपल्या जोतिबाची भारी हाय’ असा निकाल दिला आणि उतरताना कठडा धरून एकेक पायरी बसत-उठत उतरल्या.

गाडीत आलो तर बापूंच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ आमचा चिवडा खात बसलेले. ‘हे विट्याकडचं पावनं,’ बापूंनी ओळख करून दिली. ‘हितं सोनं गाळायचं दुकान हाय ह्यांचं. आपली बोली ऐकून आलं.’ आमच्या भागातली ही गलाईवाली मंडळी देशभर पसरली आहेत हे ठाऊक होतं. पण आम्ही राजवाडा बघेपर्यंत बापूंनी परमुलखात एक माणूस गाठून त्याच्या भाचीसाठी स्थळही सुचवलं होतं. पाहुणे उतरताच बापू आमच्याकडे वळले. ‘काय बगितलं? सांगा.’

चर्चपाशी गाईडने बापूंसाठी खास तयारी केली. खिडकीखाली उभं राहून त्याने आत पुरलेल्या परदेशी खलाशाची गोष्ट रंगवून सांगितली. बापूंनी कान देऊन ऐकली. मग विचारलं, ‘अब भी अंदर है क्या वो?’

‘नहीं अंकल, बाद में उसको उसका देश लेके गया.’

‘मग रिकामा खड्डा दाखवायला उतरवतोय व्हय रं मला?’ बापू म्हणाले. सगळी गाडी हसली. गाईडला मराठी येत नव्हतं, पण हसणं समजलं. बिचारा छत्री उंच धरून पुढे चालू लागला. आत्या चर्चच्या दारापर्यंत कशाबशा आल्या आणि तिथेच ओट्यावर टेकल्या. गुडघा चांगलाच सुजला होता.

शेवटी समुद्राची वेळ आली. पण तिथला रस्ता गाड्यांना बंद होता, रिक्षाही पुढे सोडत नव्हते. आमची गाडी एका उंच भिंतीच्या कडेला उभी राहिली. वारा येत होता, मासळीचा वास येत होता, पण समुद्र काही दिसत नव्हता. गाईडने अर्धा तास दिला. आत्यांनी एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने दांडा धरून पायरीवर पाय टेकवला आणि ‘आई गं’ करून मागे बसल्या. आम्ही तिघी-चौघींनी उचलायची तयारी दाखवली, तर हात झटकून टाकला.

‘न्हाई जमत. जावा तुमी.’

गाईड शेवटचा प्रयत्न म्हणून बापूंकडे गेला. ‘अंकल, समुद्र तो देखो.’ बापूंनी मान हलवली. छत्री खाली घेऊनच तो बाकीच्यांना घेऊन निघाला. मी आत्यांजवळ थांबले.

आत्या बापूंच्या शेजारच्या सीटवर बसून समोरची भिंत बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘एवढ्या लांब येऊन भिताड बगायचं नशिबात,’ त्या म्हणाल्या.

तेव्हा बापूंनी एक गोष्ट केली, जी मी आजवर पाहिली नव्हती. ते आपल्या खिडकीतून उठले. ‘वैनी, हितं या, खिडकीला. नुसतं भिताड न्हाई. ते बगा, वर मांजर बसलंय. तिकडं ती बाई मासं धुतीया, त्याच्यावर डोळा हाय त्याचा. आता बगा, हळूहळू सरकंल.’

मांजर खरंच सरकलं. आत्या पदराने डोळे पुसून बघू लागल्या.

‘सुमी असलंच सांगायची,’ बापू म्हणाले. ‘तिचंबी गुडघंच. कुठल्याबी गाडीत ह्याच खिडकीला बसायची ती. म्या सगळ्यांच्या म्होरं उतरायचो, समदं बगून यायचो. ती इचारायची, काय बगितलं, सांगा की. म्या म्हनायचो, चांगलं हाय. झालं. मग तीच सांगायची, खिडकीतनं काय-काय दिसलं ते. म्या कवा ऐकलंच न्हाई. आता हितं बसून बगतोय, तर खरंच लय दिसतंय.’

मांजर आता भिंतीच्या टोकाला आलं होतं.

‘गणपतीपुळ्याला गेल्तो तवा दोन तास पान्यात हुतो म्या. आलो तशी इचारली, कसा हाय वो समुद्र? म्या म्हनलो, कसा असायचा? पान्याचाच हाय.’ बापू कसनुसं हसले. ‘आनि भिजल्याली चड्डी वाळत घातली खिडकीला. तिच्याच खिडकीला. दिसत हुतं तेबी झाकलं.’

आत्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ‘मग कसा असतोय वो, बापू? तुमी तर बगितलाय.’

बापू बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, ‘बगितलाय, खरं ध्येनात न्हाई ठेवला.’

आणि ते उठलेच. वरच्या फळीवरचा टॉवेल ओढून खांद्यावर टाकला. ‘सूनबाई, पिशव्या बगा. आलोच म्या,’ म्हणून पायरी उतरले. पायजमा सावरत ते त्या बंद रस्त्याने इतक्या झपाझप गेले, की ड्रायव्हर बिडी खाली ठेवून बघत राहिला.

अर्ध्या तासाने माणसं परत येऊ लागली. जो येईल तो तीच बातमी घेऊन येई. बापू पाण्यात उभे आहेत! हाक मारली तरी येत नाहीत! फोटो काढू देत नाहीत, म्हणतात आडवे येऊ नका, मला बघू दे! गाईड सगळ्यात शेवटी बापूंना घेऊन आला. सकाळपासून घड्याळ दाखवून आमच्या मागे लागणारा तो माणूस उशीर झाल्याबद्दल अक्षर बोलला नाही. बापूंच्या डोक्यावर त्याने आपली छत्री धरली होती, वर ऊन नसतानाही. ‘अंकल उतर गया,’ तो मला दोनदा म्हणाला.

बापू कंबरेपर्यंत भिजले होते. टॉवेल समुद्रात बुडवून, पिळून आणला होता. तो त्यांनी आत्यांच्या हातात दिला. ‘गुडघ्यावर ठेवा. गार हाय. आनि खारट हाय, जिबंला लावून बगा.’

आत्यांनी टॉवेलाचं टोक जिभेला लावलं. ‘अगं बया,’ म्हणाल्या.

गाडी सुटली. बापू खिडकीशी गेले नाहीत, आत्यांच्या शेजारीच बसले. थोड्या वेळाने आत्यांनी टॉवेल परत दिला, तेव्हा बापूंचा हात सवयीने खिडकीच्या दांड्याकडे गेला, पण तिथून मागे आला. ओला टॉवेल त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातला.

‘सांगा,’ आत्या म्हणाल्या.

‘सांगतो. आदी आवाज येतोय, वैनी. लांबनंच. मग एकदम उघडंच पडतंय समदं, आडवं काय बी न्हाई, पार आभाळापतूर. रंग म्हनाल तर निळा न्हाई, चित्रात दावत्यात तसा. मातकट हाय, आपल्या पावसाळ्यातल्या नदीवानी. आनि लाट येती ती उभी येत न्हाई. वाऱ्यानं ऊस लोळतोय बगा, तशी लोळत येती. पायावर येऊन फुटती. खरं मज्जा म्होरं हाय. माघारी जाताना पायाखालची वाळू काडून न्हेती ती. आपून जाग्यावर हुबं असतोय आनि वाटतंय, आपूनच चाललोय मागं मागं...’

पुढच्या सीटवर गाईड, त्याला एक शब्द कळत नसताना, मान वळवून ऐकत होता. आत्यांनी डोळे मिटले होते आणि वाळूत उभं असल्यासारखी त्यांची दोन्ही पावलं सीटखाली हळूच एकमेकांजवळ सरकली होती.

‘मग तिकडं एक बोट हुती,’ बापू पुढे निघाले.

‘थांबा,’ आत्या डोळे न उघडता म्हणाल्या. ‘ती लाट परत सांगा.’

बापूंनी परत सांगितली.