चारही कोपरे लखलखीत

घड्याळजींना मिणमिणता उजेड सहन होत नसे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत नाक खुपसणाऱ्या माणसाला उजेडाची हाव असायचीच. त्यामुळे आपल्या जुन्या गाडीच्या चारही कोपऱ्यांतले पिवळे दिवे एरवी मंद जळतात, आणि वळायच्या वेळी तेवढे एका बाजूचे लखलखून मिचकतात, हे लक्षात आल्यावर त्यांना राहवेना.

"म्हणजे अंगात दम आहे, पण दाखवायचा नाही! हा काय कामचुकारपणा?" असं म्हणत त्यांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडलं.

परीक्षा गाडी चालवण्याची होती आणि ती त्यांची नव्हे, बायकोची होती. बायको नर्स, तिला सगळी गल्ली 'सिस्टर'च म्हणायची. गावाबाहेरच्या नव्या दवाखान्यात तिला मुख्य सिस्टरची जागा मिळत होती. तिकडे बस जात नव्हती. सोमवारी लायसन्स दाखवलं तर जागा हिची, नाहीतर दुसरीची. आधी दोनदा ती नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा ऐन वेळी नवऱ्याचा सल्ला ऐकल्यामुळे.

"अहो, उद्यापर्यंत गाडीला हात लावू नका," तिने स्वयंपाकघरातून बजावलं.

"हात कुठे लावतोय? पक्कड लावतोय," घड्याळजी बॉनेटमध्ये पुटपुटले.

इकडची तार तिकडे जोडली, वर कथील वितळवून सात जन्म सुटणार नाही असं झाळकाम केलं, आणि किल्ली फिरवली. चारही कोपरे असे पेटले की समोरच्या भिंतीवरच्या पालीने डोळे मिटून घेतले. पालीला पापण्या नसतात असं म्हणतात. पण तिने मिटले, त्याला कोण काय करणार?

सकाळी घड्याळजीच गाडी घेऊन निघाले. शेजारी सिस्टर नियमांचं पुस्तक पुटपुटत बसली होती. चौकात पोहोचताच चारी बाजूंची वाहनं थांबली. पुढच्या चौकातही तेच. घड्याळजींनी छाती फुगवून दोन्हीकडे मान लववली.

तेवढ्यात एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. "काका, एकदा ठरवा! डावीकडे का उजवीकडे?"

"सरळ!"

"मग दोन्हीकडे कशाला पेटवलंय?"

घड्याळजींनी फुगवलेली छाती आत घेतली. कायमचा लखलखणारा दिवा मिचकणार कसा? आणि मिचकलाच नाही, तर बायको वळणार हे लोकांना कळणार कसं? नोकरी, दवाखाना, सोमवार, सगळं त्या एका तारेला लोंबकळू लागलं.

परीक्षेच्या मैदानावर पोहोचल्यावर, "जरा पाणी बघतो हं," म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. झाळकाम इतकं उत्तम झालं होतं की सुटता सुटेना. घाईत शेजारची तार ओढली, तर वायपर सुरू झाले.

"पाऊस येणार वाटतं," मागून आवाज आला. हातात पेन घेतलेले परीक्षक रखरखीत उन्हाकडे बघत उभे होते. "बसा बाई. डावा दिवा दाखवा."

चारही लखलखत राहिले.

"उजवा?"

चारही.

"बाई, तुमच्या दिव्यांची एकी आहे. दिशा मात्र नाही." त्यांनी कागदावर पेन टेकवलं.

सिस्टरने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. घड्याळजी मागच्या सीटवर जाऊन आपणहून लहान झाले.

"साहेब, हाताने खूण केली तर चालते ना?"

"नियमात आहे. पण हल्ली करतंय कोण!"

"मी करते," सिस्टर म्हणाली आणि तिने उजवा हात खिडकीबाहेर काढला.

आता, वॉर्डात ओरडायला बंदी असते. पेशंट, त्यांचे नातेवाईक, शिकाऊ डॉक्टर, एवढी मोठी फौज सिस्टर वर्षानुवर्षं हातानेच हाकत आली होती. परीक्षक शेजारी बसले, गाडी मैदानाबाहेर पडली आणि तो हात रस्त्यावर आला. तळवा दोनदा खाली दाबला, तर मागच्या मोटरसायकलींचा आवाज खोकला दाबावा तसा बसला. हात सरळ उजवीकडे गेला, तर समोरून येणारी बस अंग चोरून उभी राहिली. मग तळवा उभा झाला. झालं! मागे लांबच लांब रांग जागच्या जागी थिजली. परीक्षकांनीही टेकलेली पाठ ताठ केली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

मैदानात परत आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. "बाई, ती रांग अजून हलली नाही!"

"अगंबाई! थांबा म्हटलं आणि जा म्हणायचं राहिलंच."

"आधी त्यांना सोडून या. मी सही करून ठेवतो."

सिस्टर जाऊन रांग सोडून आली. लायसन्सच्या कागदावर 'पास' लिहिलेलं पाहून घड्याळजींनी ड्रायव्हरच्या सीटकडे धाव घेतली.

"तुम्ही कुठे?" परीक्षकांनी अडवलं. "हे दिवे असे असताना हाताने खुणा केल्याशिवाय ही गाडी कुणालाही नेता येणार नाही. तुम्हाला हाताच्या खुणा येतात?"

"न यायला काय झालं!" घड्याळजींनी उभ्याउभ्याच रस्त्याकडे ऐटीत हात फेकला. कचकन ब्रेक दाबत एक टॅक्सी शेजारी येऊन थांबली.

"बोला साहेब, कुठे जायचंय?"

परीक्षकांनी किल्ली सिस्टरच्या हातावर ठेवली. तिने वायपर नाचवत, चारही कोपरे पेटवत गाडी बाहेर काढली. "अहो, आलाच आहे बिचारा, तर बसा त्याच्या टॅक्सीत," जाता जाता ती म्हणाली.

घड्याळजी टॅक्सीत बसले. "त्या गाडीच्या मागोमाग घ्या."

"घेतो, पण ती वळणार कुठे? दिव्यांवरून काही कळत नाही."

"दिव्यांकडे बघूच नका हो," घड्याळजी मागे रेलत म्हणाले. "हाताकडे बघा. लग्न झाल्यापासून मी तेच करतोय."