फटफटीवरचा सलाम

"फटफटी कुणाला चालवता येते?" मुंतजीम एकनाथरावांनी विचारलं आणि मुकुंदराव परांडेकरांनी हात वर केला.

बस्स, एवढंच झालं. हात वर करायला काय लागतं? पण ज्या माणसाने जन्मात फटफटीला बोट लावलेलं नाही, ती समोरून आली की जो मुकाट्याने दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहतो, त्याने तो करू नये. ऑफिसातले बाकीचे मराठी कारकून माना वळवून बघू लागले. मुकुंदरावांनी स्वतःही बघितलं, कारण हा हात कुणाचा याचा त्यांनाही अचंबा वाटला होता.

छप्पन सालचा तो ऑक्टोबरच असा होता, की माणसाचा हात त्याच्या ताब्यात राहू नये. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन वाटे होणार होते. मराठी जिल्हे मुंबई राज्याला, कानडी म्हैसूरला आणि तेलुगू मुलूख नव्या आंध्र प्रदेशाला. जिल्ह्यांचं काय, ते जागचे हलत नाहीत. हलायचं होतं ते कारकुनांना. बाजार-तपासणीच्या त्या ऑफिसात सहा महिन्यांत कुणी एक कागद धड पुरा केला नव्हता. सकाळी बातमी येई की मराठी माणसं झाडून सगळी औरंगाबादला. दुपारच्या चहाला ती परभणीला निघत. आणि संध्याकाळी छत्री उचलेपर्यंत कुणीतरी त्यांना थेट मुंबईला पोचवलेलं असे. एका दिवसात तीन गावं हिंडून मुकुंदराव सुलतान बाजारातल्या घरी येत, तेव्हा त्यांना घास उतरत नसे.

त्यांना कुठेच जायचं नव्हतं. आजोबांपासून तीन पिढ्या इथल्याच सरकारी नोकरीत गेलेल्या. त्यात त्यांची बायको इंदुमतीबाई जवळच्या मुलींच्या शाळेत चौदा वर्षं गणित शिकवत होत्या, आणि पुढच्या जूनपासून त्या हेडमिस्ट्रेस होणार हे ठरल्यासारखंच होतं. परगावी जायचं म्हणजे त्यांनी ते सगळं सोडायचं. त्या तोंडाने काही बोलत नसत. पण हल्ली वह्या तपासताना लाल पेन्सिल इतकी दाबत, की खूण पानाच्या पलीकडे उमटे. (मुकुंदरावांना ती तिथूनही टोचे.)

आणि अशात एकनाथराव, म्हणजे त्या ऑफिसचे सर्वेसर्वा, सांगत होते की एक जागा इथंच राहणार आहे. शहरातल्या बाजारांची फिरती तपासणी. खात्याची फटफटी मिळेल. यादी वीस तारखेला वर जाईल, त्याआधी लायसन्स टेबलावर पाहिजे.

"लायसन्स आहे ना, परांडेकर?"

"येतंय, साहेब."

"येतंय म्हणजे?"

"वाटेवर आहे."

(वाटेवर होतं हे खरं. फक्त अजून घरातून निघालं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मुकुंदराव नामपल्लीला ख्वाजामियां मिस्त्रींच्या पुढ्यात उभे राहिले. ख्वाजामियां फटफट्या दुरुस्त करत, आणि त्यांच्याकडे स्वतःची एक होती, जिची दुरुस्ती ते निवृत्तीनंतर करणार होते. नुमाइश मैदान, म्हणजे प्रदर्शनाचं, त्या दिवसांत रिकामं असे. तिथे पुढे-मागे शिकाऊ माणसाच्या लाल पाट्या बांधून शिकवणी सुरू झाली.

"साब, शेरवानी पहनके चलाते?"

"ऑफिसचा पोशाख आहे मियां."

"चेन में जाती ना साब. पयले शेरवानी जाती, पीछे-पीछे साब जाते."

शेरवानीचे घोळ कमरेला खोचले गेले. "क्लच दबाव. गेर डालो. अब क्लच आहिस्ता छोडो. आहिस्ता, साब! दुल्हन का घूंघट उठारे समझो!" मुकुंदरावांनी घूंघट एकदम उठवला. फटफटी एक उडी मारून पुढे गेली आणि मुकुंदराव जिथे होते तिथेच, हवेत मूठ पिळत, खाली बसले.

ख्वाजामियां कडक मास्तर होते. "चलाना तो कोई बी सीख लेता साब, रोकना सीखो," हा त्यांचा पहिला धडा. निघण्याआधी मागे बघायचं. वळण्याआधी हात आडवा. थांबण्याआधी हात सरळ वर, तळवा पुढे, म्हणजे मागच्याला कळतं. आठवड्याभरात मुकुंदराव मैदानाला न पडता चकरा मारू लागले. आता जिवाला चैन नव्हती ती वेगळ्याच कारणाने. ऑफिसात बसल्या जागी त्यांची उजवी मूठ आपोआप पिळली जाई. चहाचा कप पिळताना तो दोनदा सांडला.

आठव्या दिवशी मियां म्हणाले, "अब रस्ते पे चलते." आणि खरी पंचाईत तिथे झाली.

हैदराबादेत ओळखीचा माणूस दिसला की उजवा हात कपाळाशी जातो. आपण पाठवावा लागत नाही, तो आपला आपण जातो. डाव्या हाताने सलाम करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आणि फटफटीचा सगळा जीव नेमका उजव्या मुठीत! नामपल्ली ते सुलतान बाजार, तीन पिढ्यांची ओळख दोन्ही बाजूंच्या दुकानांत, खिडक्यांत, टांग्यांत बसलेली. वकीलसाहेब दिसले, हात कपाळाशी गेला, फटफटीने दोन आचके दिले आणि बंद पडली. पेन्शनर तहसीलदार दिसले, पुन्हा बंद. सुलतान बाजाराच्या तोंडाशी येईपर्यंत मुकुंदरावांनी सात सलाम केले आणि सात वेळा किक मारली.

"हात नक्को उठाव साब! खाली गर्दन हिलाव," मियां मागच्या सीटवरून कळवळून म्हणाले.

मग मुकुंदरावांनी परतीच्या वाटेवर दिसलेल्या शेजारच्या देवरावांना नुसती मान हलवली. ती त्यांना चांगलीच महागात पडली. संध्याकाळी देवराव पडेल चेहऱ्याने दारात उभे.

"वहिनी, मुकुंदराव आमच्यावर नाराज आहेत का? सकाळी फटफटीवरून गेले, नुसती मान हलवली. वीस वर्षांचा शेजार आहे आपला."

इंदुमतीबाईंनी देवरावांना चहा देऊन वाटेला लावलं, आणि वहीवरची लाल पेन्सिल खाली ठेवली.

"फटफटी?"

"अगं, ती ख्वाजामियांची आहे."

"कुणाची ते नाही विचारलं. तुम्ही तिच्यावर काय करत होता?"

"इंदू, ऑफिसात माझ्याकडून हात वर झाला."

"कुणावर?"

मुकुंदरावांनी सगळं सांगून टाकलं. फिरतीची जागा, वीस तारीख, सात किका. इंदुमतीबाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "पायरीवर चढून उभं राहणारा माणूस तुम्ही, आणि माझ्या शाळेसाठी..." एवढं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले. त्या क्षणी मुकुंदरावांना वाटलं, की आपण फटफटीवरून दिल्लीलाही जाऊ. पण बाईंचा तो हळवेपणा मिनिटभर टिकला. लगेच त्यांच्यातली गणिताची मास्तरीण उठली.

"बसा पाटावर. हे लाटणं धरा. हे तुमचं हँडल. समोरून साहेब आले, काय कराल?"

"सलाम."

"चूक! काय शिकवलं मियांनी? आधी थांबण्याचा इशारा. मग ब्रेक. मग पाय जमिनीवर. गाडी पुरती थांबली की मग सलाम, हवा तेवढा वेळ. निघताना मागे बघायचं. पुन्हा करा."

चार दिवस रोज चहानंतर हा तास झाला. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लाटणं एवढं कामात होतं की पोळ्या हातावर थापायची पाळी आली. पण पद्धत चोख होती. रस्त्यावर आता मुकुंदराव दर ओळखीच्या माणसाशी रीतसर इशारा देऊन थांबत, सलाम करत, तब्येत विचारत, मागे बघत आणि निघत. फटफटी एकदाही बंद पडेना, कुणाचा रुसवा होईना. अडचण एवढीच, की नामपल्लीहून सुलतान बाजारला पायी अर्धा तास लागतो, त्याला आता सव्वा तास लागू लागला.

अठरा तारखेला परीक्षा झाली. लायसन्स देणारे इन्स्पेक्टर उंचेपुरे, मिशाळ आणि कमी बोलणारे. ते म्हणाले, तुम्ही पुढे चला, मी जीपमधून मागे येतो. रस्ता त्यांनी ठरवला, आणि तो जात होता मुकुंदरावांच्याच ऑफिसवरून.

त्या महिन्यात शहरातल्या प्रत्येक ऑफिसात निरोपाचा ग्रुप फोटो निघत होता. नेमका त्या सकाळी यांचा होता. फोटोवाल्याचा तीन पायांचा कॅमेरा अंगणात उभा, आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत एकेक दोन-दोन करत माणसं धुतल्या कपड्यांत चालत येत होती. सगळ्यांत पुढे गळ्यात हार घातलेले एकनाथराव. सलाम न करावा तर यादी करणारा हाच माणूस. करावा तर मागे जीप. मुकुंदरावांनी डोळ्यांपुढे लाटणं आणलं. हात सरळ वर. ब्रेक. पाय जमिनीवर. सलाम. मागे बघितलं, निघाले. पंधरा पावलांवर हेडक्लार्क. हात वर, ब्रेक, पाय, सलाम. पुढे रेकॉर्डकीपर. पुढे जमादार, आणि म्हाताऱ्या जमादाराला वगळून कसं चालेल?

चौकात तर एक सायकलवाले मौलवीसाहेब समोर आले. "पहले आप," मुकुंदराव थांबून म्हणाले. "नहीं जनाब, पहले आप." दोघेही सभ्य. अखेर चौकातल्या शिपायाने दोघांनाही शिट्टी मारून एकाच वेळी हाकललं.

परत आल्यावर मुकुंदराव घामाने निथळत होते. इन्स्पेक्टर जीपमधून उतरून त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"नौ बार रुके आप."

"जी," मुकुंदराव पुटपुटले. आता सगळं संपलं होतं.

"नौ बार पयले इशारा, फिर ब्रेक, फिर पांव. हर बार पीछे देखके निकले. और वो ऊपर से हाथ माथे तक लाके दोबारा इशारा करते सो, ताके पीछेवाले कू शक नइ रहना, वो तो मैं किताब में बी नइ देखा." त्यांनी मुकुंदरावांचा हात हातात घेतला. "मैं तो बोलतूं, पूरे शहर कू आपके पीछे चलना चाहिए."

(शहर तेव्हा त्यांच्या मागेच होतं. जीप, दोन टांगे, एक बस आणि गवताची गाडी.)

एकोणीस तारखेला लायसन्स एकनाथरावांच्या टेबलावर पडलं. त्यानंतरचे दहा दिवस मुकुंदरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. इंदुमतीबाईंची पेन्सिल मात्र कागदावर पुन्हा हलकी चालू लागली होती, आणि ते बघून त्यांचा जीव अजूनच वरखाली होई. एकोणतीस तारखेला एकनाथरावांनी बोलावलं.

"मुबारक, परांडेकर. परभणी."

"परभणीचं काय, साहेब?"

"तुम्ही. परभणी. यादीत पहिलंच नाव."

"पण इथली फिरतीची जागा?"

"तिला आता तेलुगू लिहिता-वाचता येणारा माणूस लागेल, असं वरून आलं. आणि त्याच दिवशी परभणीहून मागणी आली. फिरतीसाठी फटफटी जाणणारा मराठी इसम तातडीने पाठवा. मी सगळ्या फायली पाहिल्या. लायसन्सवाला मराठी माणूस अख्ख्या ऑफिसात एकच निघाला."

"आणि बाकीचे?"

"त्यांना अजून कुणी मागितलंच नाही. ते तूर्त इथंच राहतील."

"म्हणजे लायसन्स नसतं तर..."

"आरामात राहिला असता," एकनाथराव मायेने म्हणाले.

मुकुंदराव पायी घरी आले. वाटेत चौघांनी सलाम केले, त्यांनीही केले, पण एकाचीही तब्येत विचारायचं भान त्यांना राहिलं नाही. आपल्याच हाताने आपण बायकोची शाळा घालवली, हे एकच डोक्यात होतं. इंदुमतीबाईंनी बदलीचा हुकूम पेपर तपासावा तसा दोनदा वाचला.

"परभणीलाही मुलींची शाळा असेलच," त्या म्हणाल्या. "तिथेही मुलींना गणित येत नसेलच." त्यांनी पुन्हा कागदात डोकं घातलं. "आणि खात्याची फटफटी? ती कधी यायची तिकडे?"

"ती नाही यायची," मुकुंदराव खाली मान घालून म्हणाले. "वाटणीत टेबलं, कपाटं आणि फटफटी आंध्रकडे गेली. तिकडे गाडी मंजूर होईपर्यंत मी पायी फिरायचं."

सहा महिन्यांत इंदुमतीबाई हसल्या नव्हत्या. त्या आता हुकूम तोंडावर धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"म्हणजे अहो, तुमच्यात आणि फटफटीत हैदराबादेत राहायचा वशिला तिचाच निघाला!"